वारितर म्हणजे हलके नव्हे

बुलढाणा जिल्ह्यात वैद्यकी करणाऱ्यास दोन वस्तू न शोधता सापडतात : पायाखालचा काळा बसाल्ट आणि लोणारचे खारे पाणी. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे ते विवर उल्केच्या आघाताने याच बसाल्टात पडले. त्यातील सरोवर २०२० मध्ये रामसर यादीत आले. आमच्या प्रयोगासाठी मात्र आम्ही अभयारण्यातील खडा उचलला नाही. रस्त्यावरची खडी पुरेशी होती.

खडा वेडावाकडा, त्यास लांबी-रुंदी कोठली! पण काट्यावर तो ५८० ग्रॅम भरला आणि दोऱ्याने पाण्यात लोंबकळता तोलला तेव्हा ३८० ग्रॅम. जी २०० ग्रॅमची घट झाली, तेवढ्या वजनाचे पाणी त्याने बाजूस सारले. म्हणजे आकारमान २०० मिलिलिटर आणि घनता २.९. आर्किमिडीजचे हे सूत्र शाळेत आपण सर्वांनी घोकले आहे. लोणारच्या क्षारयुक्त पाण्यात हाच खडा किंचित अधिक हलका भासेल; तेव्हा घटीस त्या पाण्याच्या घनतेने भागावे लागते. आणि सज्जीक्षारासारखे द्रव्य तर पाण्यात विरघळूनच जाते. त्यासाठी तेल घ्यावे.

या साऱ्याकडे आम्ही वळलो ते एका पांडुरोगी भगिनीमुळे. लोहभस्माची मात्रा एक गुंज, म्हणजे सुमारे १२५ मिलिग्रॅम. डबीसोबत आलेल्या मोजचमच्याने ती घेत होती आणि तिला मानवतही होते. डबी बदलली, घर तेच, चमचा तोच. तरी मळमळ व मलावष्टंभ सुरू झाला. शेवटी आम्ही दोन्ही डब्यांतील भस्म त्याच चमच्याने सपाट भरून तोलले. पहिले १२० मिलिग्रॅम, दुसरे २१०!

मग प्रत्येकी ५० ग्रॅम भस्म मोजपात्रात ओतले. पहिल्याने ४५ मिलिलिटर जागा व्यापली, दुसऱ्याने २६. तेच भस्म तिळतेलात टाकून, बुडबुडे थांबेपर्यंत ढवळले, तेव्हा दोघांनीही तेलाची पातळी जवळजवळ सारखीच, १० मिलिलिटरच्या आसपास, उंचावली. अर्थात द्रव्य तेच होते, घनता पाचाच्या घरात; फरक होता तो कणांमध्ये दडलेल्या हवेचा. पहिल्या भस्मात ३५ मिलिलिटर हवा, दुसऱ्यात १६. चमचा हवाही मोजतो, हे आमच्या ध्यानात यावयास इतकी वर्षे लागली, याची खंत वाटते.

येथे वारितर परीक्षेचा विषय निघतोच. पाण्यावर तरंगणारे भस्म उत्तम, हे आपण शिकलो. पण पाण्याच्या पाचपट घनतेचे द्रव्य तरंगते कसे? ते हलके झालेले नसते. अतिसूक्ष्म कण न भिजता पाण्याच्या पृष्ठताणावर टेकून राहतात. ऊनम परीक्षेत वर ठेवलेला तांदळाचा दाणाही तोच पडदा पेलतो. साबणाचा एक थेंब टाकून पाहा, तेच भस्म तळाशी जाईल. परीक्षा सूक्ष्मतेची आहे, आणि त्या दृष्टीने आम्हांस ती आजही मोलाची वाटते.

आपल्या पूर्वसूरींना आकारमान व वजन यांतील भेद ठाऊक होता. शार्ङ्गधराने कुडवाचे भांडे चार अंगुळे रुंद व तितकेच उंच सांगितले, आणि प्रस्थापासून पुढे द्रव व आर्द्र द्रव्ये दुप्पट घ्यावीत असा दंडक घातला. अंगुळ १.९५ सेंटिमीटर धरल्यास गोल भांड्यात ३७३ मिलिलिटर पाणी मावते. कुडवाचे प्रचलित वजन १९२ ग्रॅम, त्याची दुप्पट ३८४. हा मेळ योगायोग की हेतू, यावर विद्वानांनी जरूर लिहावे.

त्या भगिनीस आता आम्ही काट्यावर तोलून पुड्या बांधून देतो. मोजचमचा तिच्या नातीने भातुकलीसाठी मागून नेला.