सातपुड्याच्या पायथ्याशी – लेखांक ६
गाविलगड : दाराकडे तोंड, पाठ उघडी

मागच्या लेखात आपण नरनाळ्याचा महाकाली दरवाजा पाहिला. तिथून पूर्वेला, त्याच डोंगररांगेत गाविलगड आहे. वरूडहून मोर्शी, चांदूर बाजार, परतवाडा करत घाट चढला की चिखलदरा लागतं. बहुतेकांची सहल तिथेच संपते : धुकं, मक्याचं कणीस, भीमकुंड, फोटो. किल्ला अगदी जवळ असूनही त्याला मिळतो तो पाऊण तास. बरं, चिखलदऱ्याच्या पठारावरून आपली गाडी ज्या बाजूने गडाला भिडते, तीच त्याची कच्ची बाजू. १८०३ मध्ये शत्रूही तिकडूनच आत शिरला होता.

डोंगरातली तटबंदीची गावं जगभर आहेत. फ्रान्समधल्या आल्प्स पर्वतात ब्रियाँसाँ नावाचं गाव आहे. चौदाव्या लुईचा स्थापत्यतज्ज्ञ व्होबाँ याने सतराव्या शतकाच्या शेवटी तिथली तटबंदी आखली. तिथे तटाच्या आतच बाजार आहे, चर्च आहे, राहती घरं आहेत. २००८ मध्ये युनेस्कोने ते जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. आपल्याकडे मांडणी वेगळी होती. गाव खाली आणि गड वर. वऱ्हाडची जुनी राजधानी अचलपूर पायथ्याच्या मैदानात, आणि संकट आलं की आसरा घ्यायची जागा सुमारे सातशे मीटर उंचावर. त्यामुळे अचलपूर वगळून गाविलगड समजत नाही. दोन्ही मिळून एकच नगर होतं, असं माझं मत आहे.

गवळ्यांच्या जुन्या वस्तीवरून गडाला हे नाव पडलं, असं मानतात. पक्का किल्ला बांधला तो बहमनी सुलतान अहमदशहाने, १४२५-२६ च्या सुमारास. तेव्हा त्याचा मुक्काम अचलपुरातच होता आणि नरनाळ्याची दुरुस्तीही त्याच काळातली. पुढे वऱ्हाडचा सुभेदार फतहुल्ला इमाद-उल-मुल्क याने गाविलगड नव्याने मजबूत केला आणि १४९० मध्ये स्वतःची इमादशाही उभी केली. हा माणूस मूळचा विजयनगरच्या मुलखातला कानडी हिंदू. लहानपणी कैद होऊन तो बहमनी दरबारात आला आणि मुसलमान झाला. म्हणूनच की काय, गडाच्या दिल्ली दरवाजावर दोन तोंडांचा गंडभेरुंड कोरलेला दिसतो, सोबत सिंह आणि हत्ती. गंडभेरुंड ही दक्षिणेतल्या राजघराण्यांची खूण. सातपुड्यात ती पाहून बुचकळ्यात पडणाऱ्यांनी फतहुल्लाचं मूळ गाव आठवावं. तुमच्या पाऊण तासातली दहा मिनिटं तरी या दरवाजाला द्या.

गडाचे दोन भाग आहेत. आतला किल्ला दक्षिणेकडे, जिथे कडा सरळ वऱ्हाडच्या मैदानात उतरतो. बाहेरचा किल्ला उत्तर आणि वायव्य बाजू झाकतो आणि उत्तरेला त्याच्यापुढे आणखी एक तट आहे. आतल्या आणि बाहेरच्या किल्ल्याच्या मधे खोल घळ. खानतलाव, देवतलाव अशी तळी असल्याने शिबंदीला पाण्याची ददात नव्हती. दक्षिणेच्या वाटेने माणूस कसाबसा चढेल, तोफ नाही. वायव्येची वाट अरुंद, आणि तिच्यावर लांबवर गडाचा मारा. उरली उत्तर. तिथे गडाचा डोंगर लाबाडा गावाकडच्या पठाराला जोडलेला आहे. पण त्या बाजूला तोफा नेणार कोण? मधे सगळं मेळघाटचं जंगल.

पुढे वॉटर्लू जिंकणाऱ्या आर्थर वेलस्ली या इंग्रज सेनापतीने नेमकं तेच केलं. २९ नोव्हेंबर १८०३ ला अकोला जिल्ह्यातल्या अडगावला गडाचे तेव्हाचे धनी नागपूरकर भोसले यांचा पराभव झाला आणि उरलेलं पायदळ गाविलगडावर गेलं. ७ डिसेंबरला इंग्रजांच्या दोन तुकड्या अचलपुरातून निघाल्या. वेलस्ली स्वतः दक्षिणेला पायथ्याशी थांबला. कर्नल स्टीव्हन्सनची तुकडी डोंगराला वळसा घालून लाबाड्याकडे गेली. आधी रस्ता करायचा आणि मग त्यावरून जड तोफा हातांनी ओढायच्या, असे सुमारे तीस मैल. १२ तारखेच्या रात्री मोर्चे बांधले, १३ ला मारा सुरू झाला, १४ च्या रात्रीपर्यंत तटाला खिंडार पडलं आणि १५ डिसेंबरच्या सकाळी हल्ला झाला.

बाहेरचा किल्ला लवकर पडला. आतल्याची भिंत मात्र शाबूत होती. तेव्हा कॅप्टन कॅम्पबेलच्या शिपायांनी घळ ओलांडली, शिड्या लावल्या, भिंत चढून दरवाजा आतून उघडला. किल्लेदार बेनीसिंग लढताना पडला. बर्नार्ड कॉर्नवेल या इंग्रज लेखकाने १९९९ मध्ये या वेढ्यावर कादंबरी लिहिली. आपल्याकडे शाळेतल्या पोरांना वॉटर्लू पाठ असतं आणि बेनीसिंग ठाऊक नसतो, याला काय म्हणावं!

माझ्या मते गडाची खरी चूक भिंतीत नव्हती, अंदाजात होती. बांधणाऱ्यांनी मैदानाकडून येणारा शत्रू धरला होता, उत्तरेची राखण जंगलावर सोडली होती. तिसरा तट घातला खरा, पण त्याच्यासमोर तोफा येतील हे कोणाच्या मनात नव्हतं.

गड पडल्यावर दोनच दिवसांनी, १७ डिसेंबरला, देवगावचा तह झाला. दुसऱ्या रघूजी भोसल्यांना कटक आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख सोडावा लागला. नरनाळा आणि गाविलगड मात्र त्या वेळी त्यांच्याकडेच राहिले. पश्चिमेचा मुलूख निजामाकडे गेला, आणि आपलं वरूड या नदीच्या पश्चिमेला असल्याने आपणही त्यात गेलो. वरूडच्या पूर्वेला वर्धा ओलांडली की नागपूर जिल्हा लागतो. संत्रा दोन्ही काठांवर तोच, पण एक काठ भोसल्यांचा राहिला आणि दुसरा निजामाचा झाला. १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आलं. सत्तावन्नच्या उठावानंतर हे गड बंडवाल्यांच्या हाती लागू नयेत असं सरकारला वाटू लागलं आणि १८५८ मध्ये गाविलगडाची तटबंदी मोडून टाकण्यात आली. आज जी पडझड दिसते ती सगळीच काही पावसापाण्याने झालेली नाही.

पुढच्या वेळी चिखलदऱ्याला जाल तेव्हा पहिल्या दरवाजावरून परत फिरू नका. घळ ओलांडून आतल्या किल्ल्यात जा आणि दक्षिणेच्या कड्यापर्यंत चाला. पावसाळ्यात दगड निसरडे असतात, म्हणून हिवाळा बरा. हवा स्वच्छ असली तर खाली अचलपूर दिसतं. पुढच्या आठवड्यात आपण तिथेच उतरणार आहोत : परकोट, दुल्हा दरवाजा आणि हौज कटोरा.