रहाटपाळण्याचा मुक्काम

कार्तिक वद्य एकादशीला वसईत निर्मळची जत्रा भरते. शंकराचार्यांच्या समाधिमंदिराच्या आसपास दुकाने लागतात, राजेळी केळ्यांची सुकेळी विकायला येतात, आणि आकाशपाळण्याचे दिवे लांबून दिसू लागले की जत्रा भरल्याची खात्री पटते. या पाळण्याला रहाटपाळणा असाही शब्द आहे. वसईकराला तो समजावून सांगावा लागत नाही. विजेचे पंप येण्यापूर्वी इथल्या केळीच्या आणि पानांच्या वाड्या रहाटावरच भिजत. त्याच चाकावर पाण्याऐवजी माणसे चढवली की पाळणा झाला. फरक एवढाच, की रहाट आपली विहीर सोडून कधी गेला नाही आणि पाळणा एका गावी कधी राहिला नाही. गेल्या पंचवीसेक वर्षांत मात्र मोठमोठ्या शहरांना जागच्या जागी राहणाऱ्या, विक्रमी उंचीच्या पाळण्याची ओढ लागली आहे. 2020च्या जानेवारीत मुंबईतही वांद्र्याला ‘लंडन आय’च्या धर्तीवर ‘मुंबई आय’ उभारण्याची घोषणा झाली. उद्या अशी मागणी वसई-विरारमध्येही झाली, तर नवल नाही. पण पाळण्याचा इतिहास नीट पाहिला तर उलटेच दिसते: हिंडणे हा त्याचा मूळ धर्म आहे, आणि एका जागी स्थिरावून जगलेले पाळणे हे अपवाद आहेत.

सतराव्या शतकातले दोन प्रवासी याचे साक्षीदार आहेत. पिएत्रो देल्ला व्हाल्ले हा इटालियन 1615 साली कॉन्स्टँटिनोपलमध्ये रमझानच्या उत्सवात अशा चाकावर बसला आणि खूश झाला. पाच वर्षांनी पीटर मंडी या इंग्रजाने बल्गेरियातल्या आजच्या प्लोवदिव्ह शहरात तसलेच चाक पाहून त्याची नोंद केली. पुढे दोघेही सुरतेला आले, आणि देल्ला व्हाल्ले तर समुद्रमार्गे आपल्या किनाऱ्यावरून गोव्याला गेला. या दोघांना दिसली ती लाकडी, माणसांनी हाताने फिरवलेली आणि सणापुरती उभारलेली चाके. यंत्रयुगाच्या कितीतरी आधी पाळणा आणि उत्सव यांची गाठ पडलेली होती.

ती गाठ सोडण्याचा पहिला मोठा प्रयत्न शिकागोत झाला, तोही न ठरवता. पॅरिसच्या आयफेल टॉवरला उत्तर म्हणून 1893च्या जागतिक प्रदर्शनासाठी जॉर्ज फेरिस या अभियंत्याने सुमारे 80 मीटर उंचीचे पोलादी चाक उभे केले. त्याला 36 डबे होते आणि एकेका डब्यात 60 माणसे, म्हणजे एका वेळी 2,160 माणसे हवेत. तिकीट 50 सेंट, प्रदर्शनाच्या प्रवेशाइतकेच. चौदा लाखांहून जास्त लोक त्यात बसले. प्रदर्शन संपले आणि चाक पोरके झाले. शिकागोतच दुसरीकडे हलवून पाहिले, धंदा बसला नाही. फेरिस 1896 साली, चाळिशीही न गाठता वारला. 1904मध्ये चाक सेंट लुईसच्या प्रदर्शनाला नेले, तिथे पुन्हा गर्दी मिळाली, आणि ती ओसरल्यावर 1906 साली सुरुंग लावून ते पाडले गेले. यंत्रात खोट नव्हती. चाक तेच होते, भोवतालची जत्रा उठली होती. लंडनच्या अर्ल्स कोर्टचा 1895चा पाळणा 1907पर्यंतच टिकला. पॅरिसचा 1900चा पाळणाही पुढे उतरवण्यात आला. त्या पिढीतला एकच वाचला, व्हिएन्नाचा 1897चा, आणि तोही निम्मा नशिबाने. 1916मध्ये त्याला पाडण्याची परवानगी निघाली होती. पाडायलाच पैसे नव्हते म्हणून तो राहिला. (तिजोरीतल्या खडखडाटाचे इतके गोड फळ क्वचितच मिळत असेल.) 1944 साली तो जळाला, आणि 1947मध्ये 30ऐवजी 15 डबे घेऊन पुन्हा फिरू लागला. पण नशीब निम्मेच. उरलेले निम्मे श्रेय जागेचे. तो उभा आहे ते प्राटर हे मैदान 1766पासून लोकांना खुले आहे. तिथे बारा महिने जत्राच असते.

यावर पहिला आक्षेप अर्थातच ‘लंडन आय’चा. 135 मीटर उंच, 32 डबे, वर्षाला 30 लाखांच्या आसपास प्रवासी. मग कायमचा पाळणा चालत नाही असे कसे म्हणायचे? चालतो, पण कुठे, ते पाहावे. संसद भवनासमोर, थेम्सच्या काठावर, जिथे जगभरचे प्रवासी पाळणा नसता तरी आलेच असते. आणि गंमत अशी, की या पाळण्याला सुरुवातीला परवानगी मिळाली होती ती पाच वर्षांपुरती. आधी मुक्काम, मग वस्ती. ज्यांनी आधी विक्रम ठरवला आणि मग गर्दीची वाट पाहिली, त्यांची गोष्ट वेगळी आहे. 250 मीटरचा ‘ऐन दुबई’ जगात सर्वांत उंच. 2021च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झाला, 2022च्या मार्चमध्ये थांबला आणि 2024च्या डिसेंबरपर्यंत थांबूनच होता. न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवरचा विक्रमी पाळणा तर उभा राहण्यापूर्वीच 2018मध्ये सोडून द्यावा लागला. आपल्या शेजारचे उदाहरण पाळण्याचे नाही, पण बोलके आहे: खाडीपलीकडे गोराईचे ‘एस्सेल वर्ल्ड’ 1989 साली सुरू झाले आणि 2022 साली बंद पडले. निर्मळची जत्रा त्याच्या आधीही भरत होती, अजूनही भरते.

हिंडणारा म्हणजे किरकोळ, अशीही एक समजूत आहे. 2000 साली पॅरिसच्या प्लास द ला कोंकोर्दवर उभारलेला ‘रू द पारी’ 60 मीटरचा होता, म्हणजे वीस मजली इमारतीएवढा. त्याला 42 पाळणे होते. उभारायला 72 तास, उतरवायला 60 तास. जमिनीत एकही कायमचा पाया नाही. तळाशी 40,000 लिटर पाणी भरून त्याच्या वजनावर तो तोलून धरायचा. दहा हजार लिटरचे चार टँकर! वसई-विरारकरांना हा हिशेब तोंडपाठ असतो. याउलट ‘लंडन आय’साठी 33 मीटर खोल असे 44 काँक्रीटचे खांब गाडावे लागले आणि आडवे जुळवलेले चाक तासाला दोन अंश अशा गतीने उचलावे लागले. ‘रू द पारी’ पॅरिस सोडून बर्मिंगहॅम, मँचेस्टर, ॲमस्टरडॅम, बँकॉक असा हिंडत राहिला. आपले पाळणेवाले पंचांग पाहून मुक्काम ठरवतात. दसऱ्याला विरारची जीवदानी, कार्तिकात निर्मळ, पौषात म्हसा, चैत्रात डहाणूची महालक्ष्मी, असे ते पंचांग. गर्दी कुठे जमणार हे त्यांना बाजारपेठेच्या पाहणीशिवाय कळते.

सर्वांत गंभीर आक्षेप सुरक्षेचा आहे आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. जो पाळणा वर्षातून दहा-पंधरा वेळा सुटा होतो, त्याची प्रत्येक खीळ, प्रत्येक बोल्ट तितक्याच वेळा नव्याने बसवावा लागतो. जर्मनीतला 1980चा ‘स्टायगर’ हा 60 मीटरचा प्रसिद्ध फिरता पाळणा 2010मध्ये उतरवताना कोसळूनच निकामी झाला. पण म्हणून पक्क्या पायावरचे यंत्र आपोआप सुरक्षित ठरत नाही. 2008मध्ये ‘सिंगापूर फ्लायर’ बंद पडून 173 माणसे तासन्‌तास वर अडकली. अहमदाबादेत 2019 साली ज्या झोक्याचा दांडा तुटून दोघांचा जीव गेला, तो कांकरियाच्या कायमस्वरूपी बागेतला होता. म्हणजे प्रश्न हिंडण्याचा नाही, तपासणीचा आहे. जर्मनीत प्रत्येक फिरत्या पाळण्याची एक तपासणी-वही असते. ती यंत्राबरोबर गावोगाव जाते, आणि नव्या गावी उभारणी झाल्यावर तपासनीस पाहून गेल्याशिवाय पाळणा सुरू होत नाही. तिथे दाखला नुसत्या यंत्राला मिळत नाही, त्या गावातल्या, त्या जमिनीवरच्या उभारणीलाही मिळतो. आपल्याकडच्या भातखाचरांच्या गावांत ही दुसरी अट जास्त महत्त्वाची. दिवाळीनंतरही जमिनीत ओल असते; वरून कोरडी दिसणारी माती खांबाखाली बोटभर खचली तरी वरचा तोल हातभर ढळतो. विक्रमी पाळण्याला लागणाऱ्या पैशाचा लहानसा वाटा जत्रेच्या मैदानावर काँक्रीटचे चार भक्कम चौथरे, नीट अर्थिंग केलेली वीज आणि उभारणीच्या दिवशी हजर राहणारा एक अभियंता यांवर खर्च करणे हे त्यामानाने फारच साधे काम आहे.

उरला एक आक्षेप, जरा तिरकस. विरारच्या विसाव्या मजल्यावर राहणाऱ्याला आता उंचीचे अप्रूप ते काय? ‘लंडन आय’ला हा प्रश्न विचारावा, कारण तो सेकंदाला 26 सेंटिमीटर सरकतो आणि अर्ध्या तासात एक फेरी करतो, म्हणजे ती काचेची फिरती गच्चीच झाली. जत्रेतला पाळणा उंचीसाठी कमी आणि उतरण्यासाठी जास्त असतो. माथ्यावर क्षणभर सगळे थांबल्यासारखे होते, खाली सुकेळीवाल्यांचे दिवे दिसतात, आणि मग पोटात खड्डा पडतो.