साखळीने बांधलेली पेटी

थ्री नॉट थ्री म्हटलं की मराठी वाचकाला आठवते ती पोलिसाच्या खांद्यावरची लांब, जड, तेलकट बंदूक. गणेशोत्सवाच्या बंदोबस्तात ती दिसली, बँकेच्या दारात दिसली. 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री सीएसटी स्थानकात एके-47 समोर काही पोलिसांच्या हाती तीच होती, आणि मग तिच्या म्हातारपणावर भरपूर लिहिलं गेलं. तिच्या तरुणपणाबद्दल मात्र मराठीत फारसं वाचायला मिळत नाही, आणि खरी गंमत तिथेच आहे.

तिच्या ‘ली-एनफिल्ड’ या नावातला एनफिल्ड म्हणजे लंडनजवळचा सरकारी कारखाना. ली म्हणजे जेम्स पॅरिस ली. 1831 साली स्कॉटलंडमधल्या हॉइक गावी जन्मलेला आणि लहानपणीच आईबापांबरोबर कॅनडात गेलेला हा माणूस पेशाने घड्याळजी. पुढे तो अमेरिकेत विस्कॉन्सिनला स्थायिक झाला आणि यादवी युद्धाच्या अखेरीस त्याने अमेरिकी लष्कराकडून हजार कार्बाइनांचं कंत्राट मिळवलं. बंदुका तयार होऊ लागल्या, तोवर काडतुसाच्या मापावरून भांडण जुंपलं. लष्कराने माल नाकारला, प्रकरण कोर्टात गेलं. दुसरा कोणी असता तर पुन्हा घड्याळांकडे वळला असता.

4 नोव्हेंबर 1879 रोजी लीला मिळालेलं अमेरिकी पेटंट, क्रमांक 221328, आजही वाचण्यासारखं आहे. त्याआधीच्या अनेक रिपीटर रायफलींत काडतुसं नळीखालच्या लांब नळकांड्यात एकामागे एक झोपलेली असत. लीने ती पत्र्याच्या छोट्या पेटीत एकावर एक रचली, खाली स्प्रिंग दिली आणि पेटी बोल्टच्या थेट खाली बसवली. बोल्ट मागे ओढला की वरचं काडतूस वर येतं, पुढे ढकलला की ते नळीत जातं. पेटी रिकामी झाली की काढा आणि भरलेली दुसरी बसवा. आजची बहुतेक प्रत्येक लष्करी रायफल याच कल्पनेवर चालते.

ब्रिटिश लष्कराने डिसेंबर 1888 मध्ये ही रचना स्वीकारली आणि ताबडतोब तिचे हातपाय बांधले. शब्दशः बांधले! या रायफलीचं पहिलं रूप म्हणजे ली-मेटफर्ड, आणि तिच्या सुरुवातीच्या नमुन्यात पेटी रायफलीला लहानशा साखळीने जोडलेली असे. भरलेल्या जादा पेट्या शिपायाला द्यायच्या, हा लीच्या कल्पनेचा गाभाच त्या साखळीने काढून टाकला. शिवाय पेटीच्या तोंडावर एक सरकती पत्री बसवली, तिचं नाव ‘कट-ऑफ’. ती आत ढकलली की पेटी बंद. शिपायाने एकेक काडतूस हाताने घालून झाडायचं आणि पेटीतली आठ काडतुसं आणीबाणीसाठी राखायची. शिपाई घाबरून दारूगोळा उधळेल, ही साहेबांची कायमची धास्ती. हातात आठ गोळ्यांची बंदूक देऊन ती एका गोळीची करून वापरायला लावणं, यासाठी खास लष्करी डोकंच हवं.

पेटी दहा काडतुसांची झाली, मेटफर्डच्या नळीतल्या उथळ आट्यांना कॉर्डाइट या नव्या दारूच्या उष्णतेने खाल्लं, 1895 मध्ये एनफिल्डचे खोल आटे आले, पुढे नळी आखूड झाली, पाच-पाच काडतुसांच्या क्लिपने वरून भरायची सोय झाली. हे सगळं कोणत्याही पुस्तकात आहे. लीचा बोल्ट मागच्या बाजूला अडकतो, म्हणून जर्मन माउझरचे भक्त त्याला कमी मजबूत म्हणून नाकं मुरडतात. पण तो कमी वळवावा लागतो आणि कमी अंतर ओढावा लागतो. मिनिटाला पंधरा नेमक्या गोळ्या ही ब्रिटिश पायदळाची अपेक्षा त्याच बळावर होती. 1914 साली मॉन्सला जर्मनांना समोर मशीनगन आहेत असं वाटलं, ही कथा मात्र रेजिमेंटी अभिमान वजा करून वाचावी. महायुद्धाच्या रेट्यात कट-ऑफ निरुपयोगी ठरला आणि 1916 पासूनच्या सुधारित नमुन्यातून तो गळाला.

गोऱ्या शिपायावरचा हा अविश्वास काटकसरीचा होता. हिंदी शिपायावरचा वेगळा, आणि त्याची मुळं 1857 मध्ये. काडतुसाच्या चरबीची कथा सगळ्यांना पाठ आहे. त्यानंतर बंदुकीचं काय केलं, ते कमी सांगितलं जातं. 1853 च्या एनफिल्डच्या नळीत पेचदार आटे होते आणि तिच्या माशीवर शेकडो यार्डांच्या खुणा होत्या. 1858 मध्ये देशी पलटणींसाठी तिचीच जुळी बहीण काढली, पण नळी आतून गुळगुळीत, .577 ऐवजी .656 इंच व्यासाची, आणि मागची माशी एकाच जागी पक्की. बाहेरून रायफल, आतून जुनी मस्केट. दूरचा नेम साधणंच अशक्य करून टाकलं. नंतर गोऱ्यांना मार्टिनी-हेन्री मिळाली तेव्हा देशी पलटणींच्या वाट्याला स्नायडर आल्या. गोऱ्यांकडे ली-मेटफर्ड गेली तेव्हा मार्टिनी. कायम एक पिढी मागे.

याचा हिशेब 1914 साली द्यावा लागला. सप्टेंबरअखेर हिंदी फौजेची लाहोर डिव्हिजन फ्रान्समध्ये मार्सेलिसला उतरली तेव्हा तिच्या जुन्या रायफली काढून नव्या नमुन्याच्या हातात दिल्या गेल्या. ऑक्टोबर संपण्याआधी हे लोक बेल्जियमच्या चिखलात जर्मनांसमोर उभे होते, हातात जेमतेम ओळख झालेलं शस्त्र घेऊन.

ली 1904 मध्ये वारला. त्याच साली हुगळीकाठच्या इशापूरला रायफल कारखाना सुरू झाला. .303 ची काडतुसं आपल्या खडकीतही बनत. तळावरचा ‘के एफ’ हा शिक्का संग्राहक आजही ओळखतात. इशापूरमध्ये घडलेली सर्वांत विचित्र चीज म्हणजे पोलीस आणि पहारेकऱ्यांसाठीची .410 मस्केट. चांगली ली-एनफिल्ड घ्यायची, नळी रुंद करून आटे घालवायचे, आणि पेटीच्या जागी लाकडी ठोकळा बसवायचा. एका वेळी एकच काडतूस, तेही साध्या .303 पेक्षा वेगळं, म्हणजे बंदूक पळवली तरी लष्करी दारूगोळा तिच्यात चालणार नाही. कट-ऑफची काटकसर आणि 1858 ची भीती, दोन्ही एकाच बंदुकीत.

स्वातंत्र्यानंतर, 1962 मध्ये, चिनी सैनिकांच्या अर्धस्वयंचलित रायफलींसमोर आपले जवान .303 घेऊनच लढले. त्यानंतर इशापूरने हाच सांगाडा अधिक चांगल्या पोलादात, 7.62 मिमी काडतुसासाठी घडवला. पेटी बारा काडतुसांची, साखळी नाही, कट-ऑफ नाही. उत्तर प्रदेश पोलिसांनी 26 जानेवारी 2020 च्या संचलनात .303 ला निरोप दिला. इशापुरी .410 मस्केटी मात्र जुन्या मालात विकल्या जाऊन अमेरिकेत पोचल्या. तिथले हौशी लोक नळीचा मागचा भाग कोरून त्यांत बाजारात मिळणारी शिकारी काडतुसं घालतात, आणि काही जण ठोकळा काढून पुन्हा पेटी बसवण्याच्या खटपटीत असतात.