बांध राखलात, आता सातबारा राखा



मिरा रोडच्या पूर्वेला हाटकेश नावाचा भाग आहे. आज तेथे गेलात तर कारखान्यांचे गाळे आणि उंच उंच इमारती दिसतील. येथे कोणी नांगर धरला असेल, असे नव्या माणसाला वाटणार नाही. पण मिरे, काशी, घोडबंदर, नवघर ही जवळपासची गावे मूळची शेतकऱ्यांची आणि आगरी बांधवांची. एका अंगाला जंगलाचे डोंगर, दुसऱ्या अंगाला वसईची खाडी आणि मध्ये भाताची खाचरे व मिठागरे, असा हा मुलूख होता. १९८५ साली ग्रामपंचायती जाऊन नगरपरिषद आली आणि २८ फेब्रुवारी २००२ रोजी महानगरपालिका झाली. एका पिढीच्या डोळ्यांदेखत शिवाराचे शहर झाले.

मी शेतीखात्यातला माणूस. बी-बियाणे, खते, औषधे हा माझा विषय. पण इतकी वर्षे गावोगाव हिंडून एक गोष्ट मनात पक्की झाली आहे. पीक एका हंगामात बुडते आणि पुढच्या हंगामात सावरते. कागद एकदा बिघडला की दोन पिढ्या सावरत नाही. म्हणून आज खताबद्दल न बोलता वारसाबद्दल बोलतो.

आधी या जमिनीची जात समजून घ्या. खाडीकाठची सखल जमीन म्हणजे खाजण. आपल्या वाडवडिलांनी चिखलाचे बांध घालून भरतीचे पाणी अडवले. ओहोटीला आतले पाणी बाहेर जावे आणि भरतीला बाहेरचे आत येऊ नये म्हणून बांधाला उघाडी ठेवली. पहिल्या पावसाने मीठ धुऊन गेले की मोड आलेले बी चिखलात फोकायचे. यालाच आपण रहू म्हणतो. काळा राता, भुरा राता अशी खार सोसणारी भाते या जमिनीनेच जपली. पुढे पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राने सुधारित जाती दिल्या, पण त्यांच्या आधी शेकडो वर्षे हे बी घराघरातल्या कणगीत होते.

बांधाला खांड पडली की ती एकट्याच्या शेतापुरती राहत नाही. खारे पाणी सगळ्यांच्याच खाचरांत शिरते आणि जमीन दोन-तीन पावसाळे खारवट राहते. म्हणून रात्री-अपरात्री हाक आली तरी घरटी माणूस घमेले घेऊन धावत असे. त्या वेळी बांधावर भाऊ होते, तशा बहिणीही होत्या. चिखलाचे घमेले डोक्यावरून वाहताना हा मुलगा, ही मुलगी असा भेद कोणी केला नाही. भेद झाला तो कागदावर.

जमीन कागदावर यायलाही पूर्वजांनी थोडे सोसलेले नाही. अलिबाग तालुक्यातल्या चरी आणि आसपासच्या गावांतल्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षे खोतांविरुद्ध संप केला. शेते पडीक ठेवली, उपासमार काढली, पण माघार घेतली नाही. १९४८ साली कूळ कायदा आला आणि १ एप्रिल १९५७ या कृषक दिनापासून कसणारे कूळ जमिनीचे मालक मानले गेले. कित्येकांच्या आजोबा-पणजोबांचे नाव सातबारावर लागले ते तेव्हा. ते नाव म्हणजे त्यांच्या आयुष्याची कमाई होती.

आता एका घरची गोष्ट सांगतो. घर याच पट्ट्यातले, नाव सांगत नाही. आजोबा वारले. तीन मुलगे, दोन मुली. मुलींची लग्ने झालेली. वारसनोंद करताना मुलग्यांनी आपली तीनच नावे दिली. मनात कपट होते असेही नाही. "बहिणी दिल्या घरी सुखी आहेत, त्यांना काय करायचे?" एवढाच विचार. वर्षे गेली. एक भाऊ वारला, एक बहीण वारली, त्यांची मुले मोठी झाली. मग रस्त्यासाठी जमिनीचा तुकडा गेला आणि मोबदल्याची वेळ आली. बहिणीच्या मुलांनी हरकत घेतली. मोजदाद केली तेव्हा वारस सव्वीस निघाले. हिश्श्याचा वाद म्हणून पैसे कोर्टात जमा झाले आणि तारखा सुरू झाल्या.

हयात असलेली बहीण तेव्हा सत्तरीची होती. मी भेटलो तेव्हा ती एवढेच म्हणाली, "मना जमीन नको रं बाबा. पन भावांनी इचाराचा तरी होता." हे वाक्य मी विसरलो नाही. भाऊबीजेला ओवाळणारा तो हात त्या वर्षापासून थांबला होता.

कायदा काय सांगतो? हिंदू कुटुंबांत महाराष्ट्राने १९९४ सालीच मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलासारखा हक्क दिला होता, पण आधी लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या होत्या. ९ सप्टेंबर २००५ पासून देशभर मुलीचा हक्क जन्मापासूनच मुलाइतका झाला, मग तिचे लग्न झालेले असो वा नसो. वडील त्या तारखेला हयात असलेच पाहिजेत असे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट केले. २० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदणी करून किंवा कोर्टाच्या हुकुमाने झालेल्या वाटण्या मात्र कायम राहतात. आणि हक्कासोबत कर्जाचा वाटाही आला, हेही लक्षात ठेवा.

दूर जावा बेटावरही आपल्यासारखीच भातशेती करणारी माणसे आहेत. तेथे वाटणीची एक जुनी म्हण आहे. मुलाचा वाटा कावडीवर, म्हणजे दोन टोपल्या. मुलीचा वाटा पाठुंगळी, म्हणजे एक टोपली. पण पुष्कळ घरांत भावंडे एकत्र बसून समान वाटेही करतात. राहते घर बहुधा आईबापांना अखेरपर्यंत सांभाळणाऱ्या अपत्याकडे जाते, आणि ती पुष्कळदा धाकटी लेक असते. पूर्वजांची कट्यारीसारखी वस्तू मात्र तोडून वाटत नाहीत. ती सगळ्या घराची मानतात. वाटा किती यावर मतभेद असतील, पण सगळ्यांनी एकत्र बसून ठरवायचे, ही रीत घेण्यासारखी आहे.

आता तुम्ही काय करावे ते सांगतो. घरातील खातेदार वारल्यास तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे वारसाची वर्दी द्या. तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. ई-हक्क प्रणालीतून संगणकावरूनही अर्ज देता येतो. अर्जात मुलगे, मुली, पत्नी, आई, जे कोणी वारस असतील ती सगळी नावे लिहा. अर्जाची पोच मागून घ्या. फेरफार मंजूर झाल्यावर नवा सातबारा काढून नावे तपासा.

बहिणीला स्वखुशीने हक्क सोडायचा असेल तर ती मुखत्यार आहे. पण हक्कसोडपत्र नोंदणीकृतच हवे. साडीचोळी पुढे ठेवून, न वाचता कोऱ्या कागदावर अंगठा घेऊ नका. बहिणींनो, तुम्हीही कागद वाचून घेतल्याशिवाय सही करू नका.

नावे वाढली म्हणजे शेताचे तुकडे करावेत असे नाही. सातबारावर पाच नावे असली तरी एकाने कसावे आणि धान्याचा किंवा पैशाचा वाटा सर्वांना पोचवावा. तोही ठराव लिहून ठेवा.

हाटकेशच्या बाजूला आता बांध फारसे दिसणार नाहीत. पण तुमच्या गावात शेत अजून शिल्लक आहे. बांधाला उंदराने केलेले बारीक भोक आपण दिसताच लिंपतो, कारण उद्या तेथूनच खांड पडणार हे आपल्याला ठाऊक असते. सातबारावरून वगळलेले एक नाव हे तसेच भोक आहे. लावणी आटोपली की एक दिवस काढा, ट्रंकेतले कागद बाहेर काढा आणि भावंडांना घरी बोलवा. बहिणीला आधी बोलवा.