चौकटीवर भार नको

खिडकीच्या वरची भिंत कशावर उभी असते? चौकटीवर, असं उत्तर हमखास येतं. खरं तर खिडकीच्या माथ्यावर नव्या बांधकामात काँक्रीटची लिंटेल असते, जुन्यात लाकडी तुळई किंवा विटा-दगडांची कमान. वरचा भार तीच दोन्ही बाजूंच्या भिंतींकडे नेते. चौकटीने सांभाळायच्या त्या झडपा आणि काच. म्हणजे खिडकी बसवणाऱ्या गवंड्यानेही जो भार चौकटीवर टाकला नाही, तो आपण वाचनालयाच्या वर्धापनदिनाची किंवा प्रदर्शनाची भलीमोठी पाटी आली की बिनदिक्कत टाकतो. जुन्या सभागृहांच्या चौकटी जवळून पाहा. लांबी भरून बुजवलेल्या भोकांची रांगच दिसते. प्रत्येक भोक म्हणजे एकेक कार्यक्रम. या भोकांमागे काही पक्के गैरसमज आहेत.

गैरसमज : पाटी दिसायला मोठी असली तरी हलकीच असते.

वस्तुस्थिती : ते पाटी कशाची आहे यावर ठरतं. ६ फूट बाय ३ फुटांची पाटी धरू. फ्लेक्सची असेल तर अर्धा-पाऊण किलो. ५ मिलिमीटरच्या सनबोर्डाची साधारण साडेचार किलो. तेवढ्याच जाडीच्या अ‍ॅक्रिलिकची सुमारे १० किलो आणि १२ मिलिमीटरच्या प्लायवूडची १२ किलोंच्या आसपास. मजकूर तोच, आकार तोच, पण वजनात वीसपट फरक. म्हणून पाटी कशी टांगायची हा विचार ती छापायला देण्याआधी करावा.

गैरसमज : डबल टेप लावली की भोकही नाही आणि डागही नाही.

वस्तुस्थिती : टेप पाटीला धरते, पण चौकटीच्या रंगालाही धरते. काढताना रंगाचा पापुद्रा तिच्याबरोबर येतो; पॉलिश असेल तर चिकट डाग राहतो. शिवाय उन्हात चौकट तापते, डिंक मऊ पडतो आणि पाटी हळूहळू खाली सरकते. टेप सरळ खाली ओढणारा भार बऱ्यापैकी पेलते. पण पाटीचा वरचा काठ पुढे झुकला की ती कोपऱ्यापासून सोलत जाते. खाली ओढून अलगद सुटणाऱ्या पट्ट्या मिळतात, त्या बऱ्या. मात्र पाकिटावरची वजनाची मर्यादा पाळायची, पृष्ठभाग पुसून कोरडा करायचा आणि चिकटवल्यावर लगेच वजन टांगायचं नाही.

गैरसमज : चौकटीच्या दोन बाजूंना तार ताणून बांधायची. जितकी घट्ट तितकी भक्कम.

वस्तुस्थिती : नेमकं उलटं आहे. ६ फुटांच्या तारेच्या मध्यावर १० किलोंची पाटी टांगली आणि तारेला फक्त ३ इंच झोल ठेवला, तर तारेत सुमारे ६० किलोंचा ताण येतो. हा ताण जवळजवळ आडवा असतो, त्यामुळे तो चौकटीच्या दोन्ही उभ्या बाजूंना आत खेचतो. ताण पाटीच्या वजनाइतका, म्हणजे १० किलोंवर आणायचा तर झोल पावणेदोन फुटांचा लागेल. तेवढा झोल कोणी ठेवत नाही. त्यापेक्षा वरून दोन उभ्या तारा सोडल्या की प्रत्येक तारेवर फक्त ५ किलो येतात.

गैरसमज : एका बारीक स्क्रूने चौकटीचं काय बिघडणार?

वस्तुस्थिती : चौकट कशाची आहे ते पाहा. सागवान पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. स्क्रू सैल पडतो आणि पुढच्या वर्षी त्याच्या शेजारी दुसरा ठोकला जातो. अ‍ॅल्युमिनियमची चौकट आतून पोकळ. तिचा पत्रा दीड मिलिमीटरच्या आसपास, त्यामुळे स्क्रूचा जेमतेम एखादा आटा पत्र्यात बसतो. साध्या लोखंडी स्क्रूभोवती दमट खाऱ्या हवेत अ‍ॅल्युमिनियम झिजतं. कोकण किनाऱ्यावर आणि मुंबईत हे लवकर दिसतं. यूपीव्हीसीच्या चौकटीत आत कप्पे असतात. काही कप्प्यांतून पावसाचं पाणी बाहेर जातं, काहींत मजबुतीसाठी लोखंडी पट्टी असते. चुकीच्या जागी भोक पडलं की पाणी थेट त्या पट्टीवर. यूपीव्हीसीवरचा डिंकाचा डाग थिनरने पुसायला जाल तर पृष्ठभागच खराब व्हायचा. मुंबईत ओव्हल मैदानाजवळच्या आर्ट डेको इमारतींत मूळच्या लोखंडी सेक्शनच्या खिडक्या असतील, तर हलक्या फलकासाठी रबराचं आवरण असलेले लोहचुंबक पुरतात. अ‍ॅल्युमिनियमला मात्र चुंबक चिकटत नाही.

गैरसमज : पाटी काचेलाच टेकवली की चौकट सुटली.

वस्तुस्थिती : ऊन येणाऱ्या खिडकीत गडद पाटी काचेला चिकटून राहिली की मधली काच तापते, पण चौकटीत दडलेली कड तुलनेने गार राहते. या फरकाने साधी काच कडेपासून तडकू शकते. काच आणि पाटी यांत दोन-तीन इंच मोकळी हवा हवी. रबरी चोषक गुळगुळीत काचेवर हवेच्या दाबाने टिकतात. कडेतून हवा शिरली की सुटतात. जड पाटीसाठी ते भरवशाचे नाहीत.

गैरसमज : आतल्या बाजूला काहीही लावा, परवानगी लागत नाही.

वस्तुस्थिती : भाड्याच्या जागेत मालकाला विचारावंच लागतं. मुंबईत वारसा वास्तूंसाठी १९९५ पासून स्वतंत्र नियमावली आहे, आणि पहिल्या श्रेणीच्या वास्तूंत बाहेरच्या कामाबरोबर आतलं कामही तिच्या कक्षेत येतं.

मग पाटी लावायची कशी?

सर्वांत सोपा उपाय म्हणजे ती टांगायचीच नाही. बुडाशी वजन असलेल्या स्टँडवर खिडकीपुढे उभी करायची. टांगायचीच असेल तर भार लिंटेलवर किंवा स्लॅबवर घ्या. पीओपीचं छत भार घेत नाही, हूक वरच्या स्लॅबपर्यंत पोचला पाहिजे. जुन्या विटांच्या भिंतीत भोक विटेत पाडू नका, दोन विटांमधल्या सांध्यात पाडा. सांधा पुन्हा भरता येतो, फुटलेली वीट भरून येत नाही. काही जुन्या वास्तूंत तसबिरी टांगण्यासाठी भिंतीवर लाकडी पट्टी असते. ती मजबूत असेल तर तिचा उपयोग करा. कापडी फलकाला स्प्रिंगची पडद्याची दांडी पुरते, फक्त तिची टोकं चौकटीला न टेकता भिंतीच्या कडांना टेकली पाहिजेत. अ‍ॅक्रिलिकची ६ फुटांची पाटी तापमान २० अंशांनी वाढलं की सुमारे अडीच मिलिमीटर लांबते, म्हणून तिची भोकं स्क्रूपेक्षा थोडी मोठी ठेवा.

पाटी लावून झाली की शिडी आवरण्याआधी खिडकी एकदा उघडून मिटा. झडप पूर्वीसारखी सहज फिरली तर काम बरोबर झालं. ती कुठे घासली किंवा सरकती खिडकी अडली, तर भार अजून चौकटीवरच आहे. पाटी उतरवा आणि नव्याने लावा.