उसापासून साखर, इथेनॉल अन् आता रसायनंही. भाव मात्र साखरेच्या उताऱ्यावरच!

कोपरगाव : केंद्रीय मंत्रिमंडळाने 24 ऑगस्ट 2024 रोजी ‘बायोई-3’ धोरणाला मंजुरी दिली. नाव अवघड असलं तरी ऊसवाल्या जिल्ह्याशी त्याचा थेट संबंध आहे. खनिज तेलापासून होणाऱ्या वस्तू शेतमालापासून, यीस्ट आणि जिवाणूंच्या मदतीने बनवायच्या, त्यासाठी संशोधनाला बळ द्यायचं, हा त्यातला एक मोठा भाग. 2030 पर्यंत ही जैव-अर्थव्यवस्था 300 अब्ज डॉलरवर न्यायचं केंद्राचं उद्दिष्ट आहे.

आपल्याकडे हे काम आधीपासून चालू आहे. साखर काढली की मळी उरते. त्यात यीस्ट टाकलं की ते उरलेली साखर खातं आणि अल्कोहोल तयार करतं. ते गाळून, पाणी काढलं की इथेनॉल. थेट रसापासून केलं तर टनाला साधारण 70 लिटर. कोपरगाव तालुक्यातल्या साकरवाडीला गोदावरी बायोरिफायनरीज इथेनॉलच्याही पुढे जाते. तिथं इथाइल अॅसिटेट बनतं, जे शाई, रंग आणि पॅकिंगला लागतं. सौंदर्यप्रसाधनांत जाणारं ब्युटिलीन ग्लायकॉलही बनतं.

आता मुद्द्याचं. एफआरपी ठरते साखरेच्या उताऱ्यावर. 2025-26 च्या हंगामासाठी 10.25 टक्के उताऱ्याला टनाला 3550 रुपये, त्यातून तोडणी-वाहतूक वजा. रंगराजन समितीने 2012 मध्ये साखर, मळी, बगॅस आणि प्रेसमड यांच्या उत्पन्नातला 70 टक्के वाटा उसाला द्यावा असं सुचवलं. म्हणजे मळीची किंमत हिशेबात आली, मळीपासून पुढे जे बनतं त्याचा नफा नाही. माल जितका पुढे जाईल तितका पैसा वाढतो, आणि तिथंच शेतकऱ्याचा वाटा थांबतो. संशोधनाचं धोरण त्यावर काही बोलत नाही.

दुसरी अडचण धरसोडीची. 7 डिसेंबर 2023 ला रसापासून इथेनॉल करायला एकदम बंदी आली. आठ-दहा दिवसांतच 17 लाख टन साखरेपुरती मुभा मिळाली, 2024-25 साठी बंधन उठलं. कर्ज काढून डिस्टिलरी उभारणाऱ्या कारखान्याने काय धरून चालायचं?

सहकारी कारखान्याच्या सभासदाला सहकार कायद्याच्या कलम 32 नुसार लेखापरीक्षण झालेला ताळेबंद आणि नफा-तोटा पत्रक बघता येतं. सभेला जाण्याआधी त्यात डिस्टिलरीचं उत्पन्न किती दाखवलंय, ते वाचून घ्या.