नदीकाठचे घर

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ असे आपले वाडवडील सांगत आले. त्यांच्या काळी घर बांधावयाचे म्हणजे चिरे उतरवून घ्यावयाचे, गवंड्याची मनधरणी करावयाची आणि पावसाच्या आत आढे चढवावयाचे. आज नोकरीसाठी शहराकडे गेलेल्या आपल्या मुलांच्या वाट्याला हे कष्ट येत नाहीत. त्यांना घर तयार मिळते. परंतु तयार घर घेणे हे बांधण्याहून सोपे असते असा ज्यांचा समज असेल, त्यांच्यासाठी आमच्या घरात घडलेली ही हकीकत आम्ही सांगत आहोत.

आमचे थोरले बंधू, ज्यांना सारा गाव दादा म्हणतो, ते खानापूर तालुक्यात मलप्रभेच्या काठी शेती करतात. त्यांचा मुलगा मुंबईस एका कचेरीत नोकरीला आहे. लग्न झाले तेव्हा तो आणि सूनबाई भाड्याच्या एका खोलीत राहत. दर अकरा महिन्यांनी करार संपे आणि दर वेळी भाडे वाढे. शेवटी दादांनी ओढ्यापलीकडचा शेताचा तुकडा विकला आणि म्हणाले, “माझ्या आजोबांनी घेतलेली जमीन आहे. तिच्या बदल्यात नातवंडांना छप्पर मिळाले तर मला दुःख नाही. पण ते छप्पर पक्के असले पाहिजे.”

मुंबईत घर घेण्याइतका पैसा आमच्याकडे कोठून असणार? म्हणून पुतण्याने मध्य रेल्वेच्या मार्गावर दूरवर शोध चालविला. या मार्गावर घराची किंमत किलोमीटरांनी मोजतात असे म्हटले तरी चालेल. मुंबईच्या मुख्य स्थानकापासून कल्याण ५४ किलोमीटरवर आहे, अंबरनाथ ६०, बदलापूर ६८, वांगणी ७८ आणि नेरळ ८७. स्थानक जसजसे दूर, तसतशी किंमत उतरते आणि प्रवास वाढतो. पुतण्याची नजर बदलापुरावर खिळली. पूर्वी येथे प्रवासी घोडे बदलीत, म्हणून गावाला हे नाव पडले, अशी आख्यायिका लोक सांगतात. आता तेथे माणसे आपले बिऱ्हाड बदलण्यास येतात. २००१ च्या खानेसुमारीत या नगराची वस्ती लाखाच्या आत होती. २०११ मध्ये ती पावणेदोन लाखांच्या घरात गेली.

गावाच्या पश्चिमेस उल्हास नदी वाहते. राजमाचीच्या डोंगरात उगम पावून कर्जत, नेरळ, वांगणी, बदलापूर असा प्रवास करीत ती कल्याणकडे जाते आणि शेवटी वसईच्या खाडीवाटे समुद्राला मिळते. बदलापूरजवळ तिच्यावर जुना बंधारा आहे. त्याला सगळे ‘बॅरेज’ म्हणतात आणि त्या परिसराला पिण्याचे पाणी तेथूनच मिळते. घाटमाथ्यावर पडलेला पाऊस या नदीत किती झपाट्याने उतरतो, हे मात्र हिवाळ्यात तिच्याकडे पाहून कोणाच्या ध्यानी येत नाही.

२०२२ सालच्या जानेवारीत पुतण्याने आम्हांला घर पाहण्यासाठी बोलाविले. दादा, वहिनी आणि आम्ही उभयता गेलो. इमारतीचे काम चालू होते. तिसऱ्या मजल्यावरच्या नियोजित ब्लॉकच्या सज्जातून नदी दिसत होती. पाणी निळे आणि संथ होते, काठावर बगळे उभे होते, थंड वारा सुटला होता. वहिनींना मलप्रभेची आठवण झाली आणि त्यांचे डोळे भरून आले. विक्रीचे काम पाहणारा तरुण मोठा गोडबोल्या होता. “काका, मुंबईत एवढ्या पैशांत भिंतसुद्धा मिळत नाही, येथे नदी फुकट मिळते,” असे तो म्हणाला. सूनबाईंना तेव्हा दिवस गेले होते. बाळाचा पाळणा कोठे टांगावयाचा, हेही तिने मनात ठरवून टाकले.

दादा मात्र सज्जात थांबले नाहीत. ते खाली उतरले आणि नदीच्या काठाने एकटेच फिरू लागले. थोड्या वेळाने त्यांनी आम्हांला हाक मारली. काठावरील एका झाडाकडे त्यांनी बोट दाखविले. फांद्यांमध्ये फाटक्या चिंध्या, वाळके गवत आणि प्लास्टिकच्या पिशव्या अडकल्या होत्या. त्या आमच्या डोक्याच्याही बऱ्याच वर होत्या.

“हे एवढ्या उंचावर कोणी बांधले?” दादांनी त्या तरुणाला शांतपणे विचारले. तो हसला, उत्तर मात्र त्याने दिले नाही.

जवळच एक म्हातारी आजी भाजीचे वाटे मांडून बसली होती. दादा तिच्यापाशी जाऊन बसले. शेतकऱ्याला शेतकऱ्याशी बोलण्यास ओळख लागत नाही. आजीने आपल्या जुन्या घराची भिंत दाखविली. तिच्यावर पाण्याची पुसट रेघ होती. ती २००५ सालची, असे तिने सांगितले. त्यानंतर २०१९ आणि २०२१ च्या जुलैतही पाणी वर आले होते. २०२१ चा पूर तर आम्ही गेलो त्याच्या अवघ्या सहा महिने आधीचा! फांद्यांतल्या त्या चिंध्या त्याचीच खूण होत्या.

२६ जुलै २००५ हा दिवस आपल्यापैकी पुष्कळांना आठवत असेल. त्या चोवीस तासांत मुंबईच्या सांताक्रूझ वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, आणि तिकडे उल्हास नदीनेही हाहाकार उडविला. २०१९ ची गोष्ट तर आपल्या बेळगाव-कोल्हापूरकडील माणसांच्या अधिक जवळची आहे. २६ जुलैच्या रात्री मुंबईहून कोल्हापुरास निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान पुराच्या पाण्यात अडकून पडली. दुसऱ्या दिवशी आपत्ती निवारण दलाच्या आणि नौदलाच्या जवानांनी इतरांच्या मदतीने सुमारे एक हजार पन्नास प्रवाशांची सुटका केली. ज्या गाडीने आपली मुले सणावाराला घरी येतात, तीच ही गाडी. आणि ते पाणी याच नदीचे.

त्या संध्याकाळी पुतण्याच्या खोलीत मोठा वाद झाला. त्याने आम्हांला न सांगता एक्कावन्न हजार रुपये भरून ब्लॉक राखून ठेवला होता, हे तेव्हाच उघड झाले. तो म्हणाला, “बाबा, कागदपत्रे सगळी खरी आहेत. नगरपालिकेची परवानगी आहे, महारेराची नोंदणी आहे. आणि आपले घर तिसऱ्या मजल्यावर आहे. पाणी काय जिने चढून येणार आहे?”

त्याचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. आम्ही दुसऱ्या दिवशी नगररचना विभागात जाऊन नकाशा पाहिला. वाचकांना ठाऊक असावे म्हणून सांगतो: पाटबंधारे खाते नदीच्या दोन्ही अंगांस दोन पूररेषा आखते. निळी रेषा म्हणजे पंचवीस वर्षांतून सरासरी एकदा येणाऱ्या पुराची मर्यादा आणि लाल रेषा म्हणजे शंभर वर्षांतून सरासरी एकदा येणाऱ्या पुराची. नदी आणि निळी रेषा यांच्यामध्ये नवे घर बांधण्यास मनाई असते. निळ्या आणि लाल रेषांमधील जागेवर जोते उंच ठेवण्यासारख्या अटी घालून परवानगी मिळू शकते. ती इमारत अशाच मधल्या पट्ट्यात होती. तिच्याकडे जाणारा रस्ता मात्र निळ्या रेषेच्या आत उतरत होता. म्हणजे कागद खरे होते, पण पाणीही खरे होते.

‘पंचवीस वर्षांतून एकदा’ हे शब्द फसवे आहेत. आज पूर आला म्हणजे पुढची चोवीस वर्षे निश्चिंती, असा त्यांचा अर्थ मुळीच नाही. त्यांचा अर्थ असा की दरवर्षी असा पूर येण्याचा संभव शंभरात चार असतो. पुतण्याचे कर्ज वीस वर्षांचे होते. वीस वर्षांचा हिशेब मांडला, तर त्या अवधीत निदान एकदा तरी असा पूर येण्याचा संभव शंभरात छप्पन्न निघतो, निम्म्याहून अधिक! लाल रेषेच्या पुराचा संभवही त्याच वीस वर्षांत शंभरात अठरा होतो. हा हिशेब आम्ही वहीच्या पानावर मांडून दाखविला. पुतण्या गप्प राहिला. पण त्याचे समाधान झाले नव्हते.

ते दादांनी केले. ते म्हणाले, “पाणी तिसऱ्या मजल्यावर येणार नाही हे कबूल. पण विजेची मीटरे कोठे आहेत? तळाशी. पाण्याचा पंप आणि टाकी? तळाशी. तुझी मोटारसायकल? तळाशी. वीज गेली की लिफ्ट बंद, पंप बंद आणि नळ कोरडा. भोवती छातीभर पाणी आणि प्यायला थेंब नाही. अशा रात्री सूनबाईच्या पोटात कळा येऊ लागल्या, तर तिला खाली कोण नेणार आणि कोणत्या रस्त्याने?”

सूनबाई आतापर्यंत काही बोलली नव्हती. ती उठली, पाण्याचा पेला सासऱ्यांपुढे ठेवला आणि म्हणाली, “मला ते घर नको.” वाद तेथे संपला.

राखून ठेवण्यासाठी दिलेले पैसे परत मिळविण्यास पाच महिने लागले आणि त्यांतूनही काही रक्कम कापली गेली. या बाबतीत कायदा काय सांगतो, हे पुतण्याने आधी पाहिले असते तर बरे झाले असते. महारेराचा कायदा १ मे २०१७ पासून पूर्णपणे अंमलात आहे. त्याप्रमाणे नोंदणीकृत करारनामा केल्यावाचून बांधकाम करणाऱ्यास किंमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. क्षेत्रफळ सांगावयाचे ते चटईक्षेत्रच सांगावे लागते, आणि ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामात दोष आढळला तर तो त्यालाच दुरुस्त करून द्यावा लागतो. हे हक्क मोठे आहेत. परंतु नदी किती वर येते हे सांगण्याची जबाबदारी कोणताही कायदा आपल्या डोळ्यांवरून पूर्णपणे काढून घेत नाही.

पुढे चार महिने शोध करून मुलांनी स्थानकाच्या पूर्वेस, उंचावरच्या वस्तीत, एका जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावरचा ब्लॉक घेतला. तेथे लिफ्ट नाही. सज्जातून नदी दिसत नाही. समोरच्या इमारतीची वाळत घातलेली धुणी दिसतात. स्थानक पायी पंचवीस मिनिटांवर आहे. या वेळी मात्र घाई केली नाही. वकिलाकडून मागील तीस वर्षांच्या मालकीचा शोध घेतला. जमिनीचा सातबारा, बिनशेतीचा आदेश, इमारतीचे भोगवटा प्रमाणपत्र, आधीच्या खरेदीची सूची क्रमांक दोन, गृहनिर्माण संस्थेचा ना-हरकत दाखला आणि जमीन संस्थेच्या नावे झाली आहे की नाही, हे सारे एकेक करून पाहिले. ब्लॉकच्या किंमतीखेरीज मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी हातात लागते, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही आणि ऐन वेळी सोनाराकडे धाव घ्यावी लागते. दस्त स्त्रीच्या नावे केला तर महाराष्ट्रात २०२१ पासून मुद्रांक शुल्कात एक टक्क्याची सवलत आहे. दादांनी घर सूनबाईच्या नावे करविले. सवलत मिळाली ती मिळालीच, घरात तिचा मानही वाढला.

आता त्याच्या दुसऱ्या बाजूविषयीही बोलले पाहिजे. नाहीतर आम्ही गोष्ट अर्धीच सांगितली असे होईल. बदलापूरहून मुंबईच्या मुख्य स्थानकास लोकल गाडीने दीड तासाच्या आसपास लागतो. घरापासून कचेरीपर्यंत धरले तर दोन तास. जाऊन येऊन चार, महिन्याच्या पंचवीस दिवसांचे शंभर तास! पुतण्या पहाटे निघतो तेव्हा बाळ झोपलेले असते, आणि परततो तेव्हाही बहुधा झोपलेलेच असते. घर स्वस्त मिळाले, पण त्याची उरलेली किंमत तो दररोज गाडीत उभा राहून फेडतो आहे. ज्या घरांतून मुलगा असे घर घेऊ पाहत असेल, त्यांनी व्याजाच्या हप्त्याबरोबर या तासांचाही हिशेब मांडावा. शक्य तर निर्णयापूर्वी एक आठवडा ऐन गर्दीच्या वेळी हा प्रवास करून पाहावा. रविवारच्या रिकाम्या गाडीने घर पाहण्यास गेलेल्यांना सोमवारची गाडी दिसत नाही.

त्यानंतरच्या एका पावसाळ्यात रात्रभर कोसळधार लागली. सकाळी पुतण्याने आम्हांला फोन केला. गाड्या बंद होत्या, म्हणून तो घरीच होता आणि बाळ त्याच्या मांडीवर होते. नदीकाठच्या त्या रस्त्यावर पाणी आले होते. त्या इमारतीत राहावयास गेलेले कचेरीतले एक स्नेही, त्यांची पत्नी आणि वृद्ध आई यांना पुतण्याने आपल्या घरी आणले होते. दोन खोल्यांत सहा माणसे होती. सूनबाईने चुलीवर, म्हणजे आता गॅसवर, मोठे पातेले चढविले होते. त्या आजींनी बाळाला मांडीवर घेतले, तेव्हाच पुतण्याला फोन करण्यास हात मोकळे झाले.

आम्ही ही वार्ता दादांना कळविली. आपला अंदाज खरा ठरला याचा त्यांना आनंद झाला असेल असे आम्हांस वाटले होते. परंतु तसे काही त्यांच्या बोलण्यात आले नाही. “त्या माणसांचे घर गेले नाही ना?” एवढेच त्यांनी विचारले. मग थोडे थांबून म्हणाले, “आपण मलप्रभेच्या काठी जन्म काढला. नदीचा राग नाही. ती आपल्या जागेवर येते. आपण तिच्या जागेवर जाऊन बसतो.”

तेव्हा वाचकहो, तुमचा मुलगा किंवा जावई नदीकाठच्या गावी घर पाहू लागला, तर त्याच्याबरोबर गावाकडचे एक वडीलधारे माणूस अवश्य पाठवा. घर जानेवारीत पाहावे, पण विसार देण्यापूर्वी एकदा श्रावणातही पाहावे. आणि विक्रेत्याशी बोलून झाले की, काठावर भाजी विकणाऱ्या आजीशीही दोन शब्द बोलावे.